घरातील थोराड कुत्र्याचे स्नान

साताऱ्याच्या पूर्वेस पाचएक किलोमीटरांवर कृष्णा आणि वेण्णा ह्यांचा संगम होतो. संगमाच्या काठी माहुली क्षेत्र आहे. देवालये पुष्कळ, घाट प्रशस्त, आणि साताऱ्याच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या समाधीही ह्याच परिसरात. थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. त्यांच्या समाधीच्या परिसरातच एका कुत्र्याचीही समाधी दाखविण्यात येते. लोकपरंपरेत ह्या कुत्र्याचे नाव खंड्या असे आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले, म्हणून महाराजांनी त्यास जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा सरंजामही चालू ठेवला, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद आहे. सरदारांच्या भेटीच्या एका प्रसंगी महाराजांनी ह्या कुत्र्यास जरीची वस्त्रे व जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेविली, अशीही हकीकत त्याच ग्रंथात आहे. डफसाहेबाने तीत वृद्ध राजाचा बुद्धिभ्रंश पाहिला. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशी मंडळी ह्या बाबतीत डफसाहेबाच्या बाजूने सहसा उभी राहणार नाहीत.

ज्याच्या दिमतीस पालखीचे भोई, त्याच्या आंघोळीचा प्रश्न धन्यापर्यंत कशास पोहोचेल? पण साताऱ्याच्या सदाशिव पेठेत किंवा सांगलीच्या विश्रामबागेत दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि मागील दारी हातभर फरशी एवढ्या संसारात जेव्हा एखादा ग्रेट डेन अथवा सेंट बर्नार्ड येऊन राहतो, तेव्हा हा प्रश्न थेट घरच्या माणसांच्या अंगावर येतो. आणि अंगावर येतो हे शब्दशः खरे. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन नर खांद्यापाशी तीस इंचांहून उंच असतो, वजन पन्नास किलोंच्या बरेच पुढे जाते. सेंट बर्नार्डचा नर साठ-पासष्ट किलोंहून कमी क्वचितच भरतो. म्हणजे घरात जणू एक प्रौढ मनुष्य वाढला. फरक इतकाच की ह्या मनुष्यास आंघोळीचे प्रयोजन समजत नाही, आणि त्याने नाही म्हटल्यास त्यास उचलून नेता येत नाही.

ह्या मुलखाचा स्वतःचा उंच कुत्रा निराळा आहे. सांगली जिल्ह्याच्या जत बाजूस आणि तेथून पलीकडे मुधोळपर्यंत आढळणारा कारवान जातीचा कुत्रा उंच खरा, पण अंगाने सडसडीत, पोट पाठीला लागलेले, केस आखूड व अंगासरशी बसलेले. ह्याच जातीला मुधोळच्या नावाने २००५ साली टपाल खात्याच्या तिकिटावर स्थान मिळाले. कोरड्या माळरानावर सशामागे धावण्यासाठी घडलेल्या ह्या कुत्र्याच्या अंगावर चिखल ठरत नाही, त्यास वास येत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा आंघोळ आणि एरवी ओल्या फडक्याने पुसणे एवढ्याने तो स्वच्छ राहतो. सेंट बर्नार्डची गोष्ट उलट. आल्प्स पर्वतात आठ हजार फुटांहून उंच असलेल्या एका खिंडीतील मठात तो वाढला. बर्फात उपयोगी पडणारा दुहेरी केसांचा कोट अंगावर घेऊन तो सांगलीच्या वैशाखात येतो, तेव्हा त्या कोटाची सर्व निगा माणसाने करावी लागते. कुत्रा निवडताना मंडळी त्याचा चेहरा पाहतात. कोट कोण धुणार ह्याचा विचार त्याच वेळी केलेला बरा.

हा विचार न केल्यामुळे काय घडते, ते अनेक घरांतून सारखेच पाहावयास मिळते. दोन महिन्यांचे पिल्लू घरात येते. ते काखेत मावते, मुले त्यास हौसेने टबात बसवितात. वर्षाच्या आत ते माणसाएवढे होते. एके रविवारी त्यास न्हाणीघरात ओढून नेण्यात येते. ओल्या शहाबादी फरशीवर त्याचे पाय चार दिशांना घसरतात, साबण डोळ्यांत जातो, कोणी ओरडतो, कोणी गळपट्टा आवळून धरतो, आणि अर्धवट धुतलेला तो प्रचंड प्राणी दार ढकलून बाहेर येतो व दिवाणखान्याच्या मध्यभागी उभा राहून अंग झाडतो. "अरे, त्याला आधी पुसा तरी!" असे आजी ओरडेपर्यंत भिंती, गादी आणि आजींचे लुगडे सर्व भिजलेले असते. पुढच्या महिन्यात बादली दिसताच कुत्रा पलंगाखाली शिरू पाहतो. त्याच्या पुढच्या महिन्यात आंघोळ राहून जाते. मग वास येऊ लागतो. मग तो ओसरीवर झोपू लागतो. मग पाहुण्यांच्या निमित्ताने मागील दारी साखळी येते. कोणी दुष्टपणा केलेला नसतो. परंतु घरात राहणारा कुत्रा अशा रीतीने परसात जातो, आणि एकदा परसात गेला म्हणजे त्याच्या अंगास कोणाचा हात लागेनासा होतो. येथेच खरे नुकसान आहे. एवढ्या मोठ्या शरीराच्या प्रत्येक भागावरून माणसाचा हात सावकाश फिरतो, असा प्रसंग आंघोळीखेरीज दुसरा नाही. काखेतील गाठ, कानातील पू, बोटांच्या बेचक्यात चिकटलेली गोचीड ही तेव्हाच हातास लागतात. दाट केसांतून ती डोळ्यांना दिसत नाहीत.

प्रथम कातडीविषयी थोडेसे. माणसाच्या त्वचेच्या वरच्या पापुद्र्यात पेशींचे साधारण दहा ते पंधरा थर असतात, कुत्र्याच्या त्वचेत तीन ते पाच. दाट केसांमुळे ती जाड वाटते, पण असते नाजूक. तिचे आम्लमानही माणसाच्या त्वचेहून वेगळे आहे. माणसाची त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची उदासीनतेच्या जवळची. म्हणून घरात आलेला सुगंधी साबण किंवा माणसांचा शांपू त्याच्या अंगास मानवत नाही. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाजविल्याने जखम होते, आणि मग अधिक आंघोळींची आवश्यकता आहे असा समज होऊन तोच साबण पुन्हा लागतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यत्वे पंजांच्या गाद्यांत असतात. तेव्हा उन्हाळ्यात रोज आंघोळ हवीच, हा माणसाचा हिशेब त्यास लागू नाही. आखूड केसांच्या मोठ्या कुत्र्यास दोन महिन्यांनी, दाट केसांच्या कुत्र्यास महिना-दीड महिन्याने, आणि मळ्यात-चिखलात लोळून आला तर त्याच दिवशी, एवढे पुरते. त्वचेचा विकार असल्यास पशुवैद्य सांगेल तो क्रम निराळा.

रिठे आणि शिकेकाई ह्यांवर जुन्या घरांचा विश्वास आहे. रिठ्याच्या पाण्याने मळ निघतो हे खरे, पण ते डोळ्यांत गेले तर फार झोंबते, आणि एकदा डोळे झोंबलेला कुत्रा ती आठवण वर्षभर ठेवतो. कुत्र्यांसाठी तयार केलेला सौम्य शांपू आता तालुक्याच्या गावीही मिळतो. तो पाण्यात पातळ करून लावावा, म्हणजे दाट केसांत आतपर्यंत पोहोचतो व निघतोही लवकर. खरा धोका दुसऱ्या वस्तूंत आहे. गोचिडी मराव्यात म्हणून अंगास रॉकेल चोळणे, फिनेल घातलेल्या पाण्याने धुणे, हे प्रकार अद्याप पूर्णपणे गेलेले नाहीत. दोन्ही वस्तू कातडी जाळतात. आणि कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे त्या पोटातही जातात. ह्याहून गोचीड बरी म्हणावी लागेल.

आता प्रत्यक्ष कृती. आंघोळीच्या आधी कोरड्या केसांतून फणी व ब्रश फिरवून गुंता काढावा. ओला झालेला गुंता लोकरीच्या वळकटीसारखा घट्ट होतो व मग कात्रीशिवाय निघत नाही. भरल्या पोटी आंघोळ घालू नये. रुंद छातीच्या थोराड कुत्र्यांत पोट फुगून पिळवटण्याचा प्राणघातक विकार होतो, आणि जेवणानंतर लगेच धडपड न घडावी हेच इष्ट.

न्हाणीघरापेक्षा मागील दारची फरशी बरी, कारण कुत्र्याला निसटण्याची वाट दिसत असली म्हणजे तो निसटण्याची घाई कमी करतो. फरशीवर ओले गोणपाट किंवा रबरी चटई पसरावी. सबंध कामात ह्या एका गोष्टीचे महत्त्व सर्वांत अधिक आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. थोराड जातींत कमरेच्या खुब्याचे सांधे ढिले असण्याचे प्रमाण मोठे आहे. पाय घसरला की त्यांस दुखते, आणि दुखते म्हणून ते पाण्याला भितात. पुष्कळ घरांतून 'आमच्या कुत्र्याला पाण्याचा तिटकारा आहे' असे सांगण्यात येते. तिटकारा बहुधा फरशीचा असतो. उचलून टबात ठेवण्याचा विचारही मनात आणू नये. साठ किलोंचा जीव वाकून उचलल्याने कुत्र्याचे काही बिघडले नाही तरी माणसाची कंबर धरते.

पाणी कोमट असावे, कोपर बुडविले असता गरम वा गार लागू नये इतपत. बंबाच्या दिवसांत घंगाळात विसावण मिसळून हे सहज साधत असे. आता नळाला हात लावून पाहावे लागते. अगदी गार पाण्याने, विशेषतः लॅब्राडोरसारख्या कुत्र्यांत, शेपटी मुळाशी दुखून चार-सहा दिवस लुळी लोंबते. मालक घाबरतो, पण ती आपोआप बरी होते. पाच-सहा बादल्या तरी भरून ठेवाव्यात. माण, खटाव, जत, आटपाडी ह्या दुष्काळी भागांतून जेथे पाण्याचा टँकर मोजून घ्यावा लागतो, तेथे हा आकडा ऐकून कोणाचाही हात आखडेल, आणि ते योग्यच आहे. त्या भागात सेंट बर्नार्ड का पाळू नये, ह्याचे उत्तरही त्याच आकड्यात आहे. तेथे आखूड केसांचा कुत्रा, एक बादली आणि पंचा एवढ्यावर निभते.

पाणी प्रथम मागच्या पायांवर, मग पाठीवर, मग छातीवर, आणि डोके सर्वांत शेवटी. ह्या क्रमाला कारण आहे. डोके अथवा मानेचा मागील भाग भिजला की कुत्र्याला अंग झाडण्याची ऊर्मी आवरत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली निरनिराळ्या जनावरांच्या ह्या झाडण्याचे वेगवान छायाचित्रण करून मोजमाप प्रसिद्ध केले. उंदीर सेकंदाला तीसेक वेळा अंग झाडतो, तर मोठा कुत्रा चार ते पाच वेळा. देह जितका मोठा तितकी गती मंद, पण केसांतील निम्म्याहून अधिक पाणी काही क्षणांत बाहेर फेकले जाते. पुढे २०२४ साली उंदरांवरील प्रयोगांत, मानेच्या मागे तेलाचा थेंब पडताच केसांच्या मुळांशी असलेले विशिष्ट ज्ञानतंतू ही संवेदना मेंदूकडे नेतात, असे दिसून आले. तात्पर्य, झाडणे ही कुत्र्याची खोडी नव्हे. त्याच्या हाती ते नाही. त्यास रागावण्यात अर्थ नाही, डोके शेवटी भिजविण्यात आहे. तोंडावर पाणी ओतूच नये. ओल्या फडक्याने डोळ्यांभोवती व ओठांच्या घड्या पुसाव्यात. कानाची नळी आत गेल्यावर काटकोनात वळते, तेथे गेलेले पाणी सहजी बाहेर येत नाही व कान वाहू लागतो. म्हणून आधी कानांत कापसाचे सैल बोळे घालावेत आणि, हे अधिक महत्त्वाचे, नंतर आठवणीने काढावेत.

दोन माणसे हवीत. एक तोंडाशी बसून हळू बोलत राहणारा, दुसरा धुणारा. तोंडाशी कोणी बसावे ह्याचा निर्णय कुत्र्यावर सोपवावा. तो घरातील कर्त्या पुरुषाची निवड करीलच असे नाही. ताटलीत थोडे दही पसरून चाटण्यास दिले तर पाच मिनिटे निर्वेध मिळतात. मात्र सांगलीकरांच्या घरी एक वस्तू नेहमी हाताशी असते ती येथे वर्ज्य आहे. तासगावकडचे बेदाणे मुठीने देऊन कुत्र्याला खूश करण्याची चाल धोक्याची आहे. द्राक्षे व बेदाणे ह्यांनी काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते. किती खाल्ल्याने, हे कुत्र्यागणिक बदलते. २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे असे मांडले. साताऱ्याचा कंदी पेढा इतका घातकी नाही, तथापि तोही माणसांनीच खावा.

शांपू लावताना बोटे केसांच्या उलट दिशेने कातडीपर्यंत न्यावीत व सर्व अंग चाचपावे: कानांच्या मागे, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीचे मूळ, बोटांची बेचकी. पूर्वी नसलेली गाठ, दुखरा भाग, खवले धरलेला चट्टा, जे लागेल ते लक्षात ठेवावे. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. नखांनी चिरडू नये, काडीने डाग देऊ नये. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. ती भिंतीच्या भेगांत, पायरीच्या सांध्यात, चौकटीच्या फटीत राहते, आणि एक मादी हजारांच्या संख्येने अंडी घालते. म्हणून अंगावर दोन गोचिडी दिसल्या तर घरात त्या किती आहेत हे भिंतीला विचारावे. तिच्या चावण्यातून एर्लिशिया नावाचा जंतू कुत्र्याच्या रक्तात जातो. हा रोग प्रथम १९३५ साली अल्जीरियात ओळखण्यात आला. व्हिएतनामच्या युद्धात १९६८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकन सैन्याची शंभरावर कुत्री त्याने दगावली. आपल्याकडे तो घरोघरच्या कुत्र्यांत आढळतो. कुत्रा खात नाही, मलूल पडतो, ताप येतो, हिरड्या फिकट होतात, क्वचित नाकातून रक्त येते. वेळीच रक्त तपासून उपचार झाल्यास बहुधा बरा होतो, उशीर झाल्यास अस्थिमज्जेपर्यंत हानी पोहोचते. सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; मोठ्या गावांतून पशुवैद्यही आहेत. परंतु दाखवावयास नेण्याजोगे काही आहे, हे प्रथम घरच्या हाताला कळावे लागते.

औषधी शांपू असल्यास तो फेस आल्याबरोबर धुऊन टाकू नये. दहा मिनिटे अंगावर राहिल्याशिवाय त्याचा गुण येत नाही. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही दहा मिनिटे फार लांब वाटतात, म्हणून घड्याळ समोर ठेवावे. मनाच्या अदमासाने तीन मिनिटांची दहा होतात. गोचिडींसाठी मानेवर थेंब टाकण्याचे जे औषध मिळते, ते आंघोळीच्या आधी व नंतर साधारण दोन दिवस टाकू नये; कातडीवरील तेलातून ते पसरते, आणि शांपू ते तेलच काढून नेतो. घरात मांजर असल्यास कुत्र्याचे असे औषध मांजरास कदापि लावू नये. परमेथ्रिनयुक्त औषधाने मांजर मरते.

शांपू काढण्यास लावण्याच्या दुप्पट वेळ द्यावा. पोटाखाली व मांड्यांच्या आतील बाजूस फेस दडून राहतो. पाणी कूपनलिकेचे व जड असेल, तर साध्या साबणाची चिकट साय केसांत बसते व कितीही ओतले तरी हाताला बुळबुळीत लागते. अशा ठिकाणी साबणाच्या वडीचा नाद सोडावा. अंगावरून ओघळणारे पाणी निर्मळ दिसू लागल्यावरही आणखी एक बादली ओतावी.

आणि मग वाळविणे. बहुतेक घरांतून आंघोळ येथे संपली असे समजतात. वस्तुतः दाट केसांच्या कुत्र्याचे अर्धे काम येथे सुरू होते. वरचे केस तासाभरात कोरडे लागतात, खालची लव ओलीच राहते. ती ओल दिवसभर राहिली तर कातडी मऊ पडते, कुत्रा तेथे चाटतो, आणि एका रात्रीत रुपयाएवढी लालभडक पाणथळ जखम तयार होते. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे व घरात असतेही भरपूर. ती अशा जखमेवर थापली की वरून कोरडी खपली दिसते, पण केसांखाली ओल तशीच राहून जखम पसरते. पशुवैद्य प्रथम भोवतालचे केस कापतो, ते ह्याच कारणासाठी. जुने सुती पंचे तीन-चार घ्यावेत, चोळू नये, दाबून पाणी टिपावे, आणि केस फणीने उलट पसरवीत वारा लागू द्यावा. केस वाळविण्याचे विजेचे यंत्र वापरावयाचे तर गार वाऱ्यावर. गरम हवेचा झोत एका जागी राहिल्यास कातडी भाजते, आणि दाट केसांमुळे भाजलेले दुसऱ्या दिवसापर्यंत दिसत नाही.

आषाढ-श्रावणात सातारा, वाई, मेढा ह्या बाजूस ऊन पडण्याची खात्री नसते. त्या दिवसांत ठरलेल्या तारखेचा हट्ट धरू नये. पंजे व पोट कोमट पाण्याने पुसून, पुसलेला भाग कोरडा करावा आणि उघडिपीची वाट पाहावी. महाबळेश्वरच्या पावसात दाट केसांच्या कुत्र्यास पूर्ण आंघोळ घालणे म्हणजे त्यास चार दिवस ओल्या रजईत गुंडाळणे होय. उलट, कृष्णा साताऱ्याचा डोंगराळ मुलूख सोडून सांगलीच्या सपाटीला लागते तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो. तेथे वाळण्याची चिंता नाही, पण आंघोळ सकाळी नऊच्या आत उरकावी. दुपारी तापलेल्या फरशीने पंजे पोळतात. उन्हाळा आला म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचे मुंडण करण्याचा सल्लाही पुष्कळदा देण्यात येतो. तो मानू नये. तो कोट उन्हापासूनही आडोसा देतो, आणि पुन्हा उगवताना कित्येकदा विस्कळित उगवतो. आतील मेलेली लव ब्रशाने काढली की पुरे.

घरी एवढी यातायात करण्यापेक्षा नदीवर नेले तर? सांगलीत हा विचार सहज सुचतो, कारण घाट जवळ. परंतु ज्या घाटावर माणसे स्नान करतात तेथे शांपूचा फेस व गोचिडींची औषधे सोडणे शोभत नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे: भिलवडी, औदुंबर ह्या बाजूस कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे, त्यांनी माणसांवर हल्ले केल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि काठाशी पाण्यात उभा राहिलेला कुत्रा हे मगरीचे आवडते भक्ष्य होय.

नदीच जेव्हा घरी येते तेव्हाची गोष्ट आणखी निराळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, आणि गावभागापासून पुढे वस्तीच्या वस्ती पाण्यात गेल्या. पूर ओसरल्यावर घरे धुतात, भांडी धुतात. कुत्र्याकडे शेवटी लक्ष जाते. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि त्यातून लेप्टोस्पायरा हा जंतू कुत्र्याच्या व माणसाच्याही अंगात शिरतो. कुत्र्याला कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात, आणि त्याच्या मूत्रातून घरच्यांना लागण होऊ शकते. अशा वेळी आंघोळ त्याच दिवशी घालावी, पण घालणाराने रबरी हातमोजे व बूट घालावेत, हातापायावर चीर असल्यास ती झाकावी, आणि हौदातील किंवा साठलेले पाणी न घेता स्वच्छ नळाचे घ्यावे. ह्या रोगाची लस कुत्र्यांसाठी मिळते. नदीकाठच्या गावी ती दरवर्षी टोचून घेणे हा हौसेचा भाग नव्हे.

ज्या घरी पिल्लू नुकतेच आले आहे त्यांना ह्या सर्व खटाटोपातील पुष्कळसा भाग टाळता येईल. पहिले पंधरा दिवस पाणी लावूच नये. रोज त्याच गोणपाटावर उभे करून पंजे हातात घ्यावेत, कान उलटून पाहावेत, कोरडा तांब्या पाठीवरून फिरवावा व खाऊ द्यावा. मग ओले फडके, मग एक तांब्या पाणी. चार महिन्यांचे पिल्लू जे निमूट करून घेते, ते साठ किलोंचा कुत्राही करून घेतो. उलट मोठेपणी बिथरलेल्या कुत्र्याला बळाने धरण्यात यश नाही. त्यालाही पिल्लाप्रमाणे प्रारंभापासून शिकवावे लागते, फक्त आठवड्यांच्या जागी महिने लागतात, आणि तोवर ओल्या फडक्यावर भागवावे. म्हातारा झालेला थोराड कुत्रा फार वेळ उभा राहू शकत नाही; थोराड जातींचे आयुष्यच आठ-दहा वर्षांचे, त्यामुळे ही वेळ लवकर येते. त्याला गोणपाटावर आडवे पडू द्यावे, एका दिवशी एक कूस धुवावी, दुसरी दुसऱ्या दिवशी. घाई कोणालाच नसते.

कुत्रा उन्हात वाळत पडला असेल तेवढ्यात त्याचा गळपट्टा गरम पाण्यात धुऊन तोही वाळत घालावा, कारण गोचिडी त्याच्या शिवणीत दडतात. त्याची सतरंजी उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर टाकावी, तो निजतो त्या कोपऱ्यातील भेगा झाडून, शक्य असल्यास चुन्याने बुजवाव्यात. गळपट्टा पुरता सुकल्यावाचून गळ्यात घालू नये. तोवर मागील दाराची कडी मात्र लावून ठेवावी. न्हालेला कुत्रा सर्वप्रथम मातीचा ढीग शोधतो.